तासावर घेतलेले प्राध्यापक

एप्रिल संपत आला की महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांच्या स्टाफरूममध्ये माणसांचे दोन भाग पडतात. काहींना सुट्टी लागते, काहींची नोकरी संपते. दोघांनीही वर्षभर तेच वर्ग घेतलेले असतात, त्याच परीक्षांना पर्यवेक्षण केलेले असते, मुलांनी दोघांनाही सर किंवा मॅडम म्हणूनच हाक मारलेली असते. तरी मे महिन्याचा पगार एकाच्या खात्यात जमा होतो आणि दुसऱ्याला मे महिना नसतोच. त्याचे जानेवारीचे पैसेही अजून आलेले नसतात. जूनमध्ये वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर जाहिरात येईल, मग तो पुन्हा अर्ज करील, मूळ कागदपत्रांची फाइल घेऊन पुन्हा मुलाखतीच्या बाकावर बसेल आणि दहा वर्षे ज्या वर्गाला शिकवले त्या वर्गाला शिकवायला आपण लायक आहोत हे अकराव्यांदा सिद्ध करील.

या माणसाला बोलण्यात सगळे ‘सीएचबी’ म्हणतात. शासनाच्या कागदावर तो तासिका तत्त्वावरील अध्यापक आहे. पात्रता मात्र कायम प्राध्यापकाचीच लागते. पदव्युत्तर पदवी हवी, वर नेट किंवा सेट हवी, नाहीतर पीएच.डी. हवी. कित्येकांकडे नेटही असते आणि डॉक्टरेटही. एक पूर्णवेळ जागा रिकामी झाली की तिचे तास मोडून दोघांत वाटायचे, प्रत्येकाच्या वाट्याला आठवड्याला आठ-नऊ तास द्यायचे आणि प्रत्यक्ष झालेल्या तासांचेच पैसे मोजायचे, अशी ही रीत. पदवीच्या एका तासाला शासन हजार रुपयांच्या आतलीच रक्कम देते. सगळे तास जुळून आलेल्या महिन्यातही त्याची बेरीज सहायक प्राध्यापकाच्या नुसत्या मूळ वेतनाच्या, म्हणजे ५७,७०० रुपयांच्या, जवळपास जात नाही. आणि सगळे तास जुळून येतात कधी? दिवाळीची सुट्टी, सत्र परीक्षा, स्नेहसंमेलन, निवडणुकीसाठी इमारत ताब्यात गेलेले दिवस, अतिवृष्टीची सुट्टी, या सगळ्यांची किंमत तो एकटा भरतो.

या गोष्टीवर शासनाला दिलेल्या निवेदनांचे ढीग मंत्रालयात पडून आहेत. पुण्यात शिक्षण संचालनालयासमोर उपोषणे झाली, मोर्चे निघाले, आश्वासने मिळाली. त्यात आणखी एका निवेदनाची भर घालण्यासाठी हा लेख नाही. माझा आरोप आपल्यावर आहे, मराठी समाजावर. शिक्षणाच्या नावाने एवढी आंदोलने केलेल्या, एवढ्या संस्था काढलेल्या, पुरोगामी म्हणवून घेणाऱ्या या समाजाने आपल्या मुलांच्या शिक्षकांना तासाच्या भावाने विकत घेणे मान्य केले आहे. हे सगळे आपल्या डोळ्यांदेखत झाले आणि आपल्याला त्याची लाज वाटली नाही.

त्या माणसाचे बिल एकदा हातात घेऊन बघावे. महिनाअखेर तो एक तक्ता भरतो. दिनांक, वार, वर्ग, विषय, शिकवलेला घटक, वेळ किती ते किती. प्रत्येक ओळ वेळापत्रकाशी आणि मुलांच्या हजेरीशी जुळावी लागते. त्यावर विभागप्रमुखांची सही, मग प्राचार्यांची, मग कार्यालयात तपासणी, मग विभागीय सहसंचालकांच्या कार्यालयात रवानगी. तिथे त्रुटी निघते. विद्यापीठाची मान्यता आलेली नाही, म्हणून बिल परत. मान्यता येईपर्यंत पहिले सत्र उलटून गेलेले असते. मग अनुदान आलेले नाही, मग मार्चअखेरची गडबड. मी पाहिलेल्या एका तक्त्यात १५ ऑगस्टच्या समोर आडवी रेघ मारलेली होती. त्या दिवशी त्या मॅडम सकाळी सातला ध्वजवंदनाला हजर होत्या, देशभक्तिगीत त्यांनीच मुलींकडून आठवडाभर बसवून घेतले होते. पण ‘तास’ झालेला नव्हता, म्हणून रेघ. त्याच तक्त्यात डिसेंबरचे सात दिवस असेच रेघांनी भरले होते. तेव्हा त्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात मुलींसोबत एका वाडीवरच्या शाळेत मुक्कामाला होत्या. त्यांना पाठवले, कारण कायम प्राध्यापिकांना घरच्या अडचणी होत्या. अडचणी त्यांनाही होत्या. त्यांचा मुलगा चार वर्षांचा आहे.

द्राक्षाच्या छाटणीला जाणाऱ्या मजुराला आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी पैसे मिळतात. नाही मिळाले तर पुढच्या आठवड्यात तो त्या बागेत पाऊल टाकत नाही, आणि बागाईतदाराला हे पक्के माहीत असते. डॉक्टरेट झालेला आमचा प्राध्यापक सहा-सहा महिने पैशांवाचून शिकवतो. तो उठून जाणार नाही याची आपल्याला खात्री आहे. दहा वर्षे याच आशेवर काढल्यावर माणसाला दुसरीकडे कोणी घेत नाही. वय निघून गेलेले असते, अनुभव मोजला जात नाही. त्याच्या या अडचणीवर सगळी व्यवस्था उभी आहे. रुजू होतानाच त्याच्याकडून मुद्रांकावर हमीपत्र घेतात की या नेमणुकीच्या आधारे मी कायम नोकरीचा हक्क सांगणार नाही. आपण त्याला काही देणार नाही, हे त्याच्याच सहीने लिहून घ्यायचे, म्हणजे आपल्याला झोप शांत लागते.

मे महिन्यात तो काय करतो? पहिले काही दिवस मूल्यांकन केंद्रावर उत्तरपत्रिका तपासतो, कारण तिथे नगावर पैसे मिळतात. त्यानंतर त्याला फोन येतो तो प्रवेश मोहिमेचा. महाविद्यालयात मुले कमी आली तर तुकडी तुटते, तुकडी तुटली तर वर्कलोड कमी होतो आणि वर्कलोड कमी झाला की पहिली कुऱ्हाड त्याच्यावर. त्यामुळे नोकरीत नसतानाही तो महाविद्यालयाची माहितीपत्रके घेऊन दुपारच्या उन्हात मोटारसायकलवर गावोगाव फिरतो, बारावीच्या मुलांची घरे शोधतो, त्यांच्या वडिलांना विनवतो. पेट्रोल स्वतःचे. एखाद्या घरी त्याला विचारतात, ‘सर, तुम्ही पर्मनंट का?’ आणि तो विषय बदलतो. उरलेल्या दिवसांत कुणी कोचिंग क्लासमध्ये सीईटीची तयारी करून घेतो, कुणी कापडदुकानात लग्नसराईची गर्दी सांभाळतो, कुणी भावाच्या शेतावर राबतो. २०२० च्या टाळेबंदीत तर महाविद्यालयेच बंद झाली आणि त्यांच्यापैकी पुष्कळांनी भाजी विकली, रोजगार हमीच्या कामाची चौकशी केली. त्या वर्षी कायम प्राध्यापकांचे पगार चालू होते. चालू होते ते योग्यच होते. पण एकाच छपराखालच्या दुसऱ्या शिक्षकाच्या घरी चूल कशी पेटते, हे विचारायला किती जण गेले?

नियम नाहीत असे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत स्पष्ट लिहिले आहे की कंत्राटी नेमणुका अगदीच गरज पडली तर कराव्यात, त्यांचे प्रमाण एकूण अध्यापक पदांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, आणि अशा अध्यापकाला नियमित सहायक प्राध्यापकाच्या मासिक वेतनापेक्षा कमी देऊ नये. अतिथी अध्यापकासाठी आयोगाने २०१९ मध्ये तासाला १,५०० रुपये आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये असा दर ठरवला. आता आपल्या तालुक्याच्या महाविद्यालयात जाऊन मोजावे. जिथे १० टक्के असायला हवे होते तिथे काही विभाग असे सापडतील की विभागप्रमुखाशिवाय कुणीच कायम नाही, आणि काही असे की विभागप्रमुखही तासावरचाच. २०१७ मध्ये राज्याने भरतीवर निर्बंध घातले. पुढे ते थोडे सैल झाले, २०२१ मध्ये २,०८८ जागांना मान्यता मिळाली, पण तोवर निवृत्तीने रिकाम्या झालेल्या जागांचा आकडा कितीतरी पुढे गेला होता. अपवाद म्हणून आलेली रीत मुख्य रीत होऊन बसली. २०२० च्या शैक्षणिक धोरणाची अंमलबजावणी सुरू झाल्यावर नवे विषय आले, श्रेयांक आले, कार्यानुभव आला, आणि हे सगळे शिकवायला आणखी तासांवरची माणसे आली.

सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये गुजरातच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांच्या बाजूने निकाल दिला. तेच काम करणाऱ्या नियमित प्राध्यापकांना महिन्याला लाखाच्या वर आणि यांना ३०,००० रुपये. न्यायमूर्तींनी त्या निकालात एक गोष्ट बोलून दाखवली आहे, ती प्रत्येक महाविद्यालयाच्या दारावर लिहावी अशी आहे. समारंभांत गुरूला ब्रह्मा-विष्णू-महेश्वर म्हणणारा श्लोक म्हणत राहून भागणार नाही, त्यावर विश्वास असेल तर देश शिक्षकांना वागवतो कसा यात तो दिसला पाहिजे, असे त्यांनी सुनावले. समान कामाला समान वेतन हे तत्त्व राज्यघटनेच्या ३९ व्या अनुच्छेदात आहे. २०१६ मध्ये पंजाबच्या एका प्रकरणात याच न्यायालयाने ते तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही लागू केले. म्हणजे कायद्याचे बोट आपल्याकडे वळलेले आहे. आपण ते पाहत नाही एवढेच.

या विषयावर बोलू लागले की एक उत्तर हमखास येते, विशेषतः संस्थांच्या व्यासपीठांवरून. शिक्षकी पेशा त्यागाचा आहे, आगरकर-गोखल्यांनी काय पगार घेतला होता? हे उत्तर मला मोठा अपमान वाटते, आगरकरांचाही आणि आजच्या शिक्षकाचाही. डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ मध्ये निघाली आणि पुढच्याच वर्षी फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. आजीव सदस्यांनी तुटपुंज्या वेतनावर वीस वर्षे काम करायचे ठरवले हे खरे. गोखल्यांना महिन्याला ७५ रुपये मिळत. पण तो त्याग त्यांनी स्वतः निवडला होता. आगरकरांपुढे सरकारी नोकरीचे दार उघडे होते आणि ते त्यांनी लाथाडले. शिवाय ती संस्था त्यांचीच होती. काय शिकवायचे, कोणाला घ्यायचे, पैसा कुठे लावायचा हे आजीव सदस्य बसून ठरवत, भांडत आणि मतभेद विकोपाला गेले तेव्हा टिळकांसारखा माणूस १८९० मध्ये राजीनामा देऊन बाहेरही पडला. ज्याला ‘नाही’ म्हणता येते त्याच्या ‘हो’ला त्याग म्हणतात. आजच्या तासिकेवरच्या माणसाला बैठकीत बोलता येत नाही, मस्टरवर सही करता येत नाही, त्याची वही वेगळी. आजारी पडायची सोय नाही, बाळंतपणाची रजा नाही. त्याच्या गरिबीला त्याग म्हणणारा संस्थाचालक स्वतः कोणत्या गाडीतून आला, हे त्या सभेतल्या प्रत्येकाने पाहिलेले असते.

आणि त्यागाची भाषा करणाऱ्यांनी महात्मा फुल्यांचे निवेदन वाचावे. १८८२ च्या ऑक्टोबरात हंटर आयोगापुढे सादर केलेल्या त्या निवेदनात फुल्यांनी प्राथमिक शिक्षणाची मागणी केली हे शाळकरी मुलालाही पाठ असते. पण शिक्षकाच्या पगाराचा आकडा त्यांनी लिहिला होता, हे आपण सांगत नाही. शिक्षकाला १२ रुपयांपेक्षा कमी देऊ नये, मोठ्या गावात १५ किंवा २० द्यावेत, असे त्यांचे म्हणणे होते. आणि हे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत, असेही. फुल्यांना ठाऊक होते की ज्याला गावात प्रतिष्ठेने राहता येत नाही तो गावाला जागे करू शकत नाही. शिक्षकाच्या पोटाचा प्रश्न त्यांना समाजक्रांतीच्या बाहेरचा वाटला नाही.

फुल्यांनी मागितलेला तो शेतकऱ्याच्या घरातला शिक्षक तयार व्हायला आपल्याला शंभर वर्षे लागली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. पंजाबराव देशमुखांनी विदर्भात शिक्षणाचे जाळे विणले. डॉ. आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन करून १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय उभे केले. या प्रयत्नांतून पहिली पिढी शाळेत गेली, दुसरी पदवीधर झाली, तिसरीने नेट-सेट आणि पीएच.डी. केली. ऊसतोड कामगाराचा मुलगा, वीटभट्टीवरच्या बाईची मुलगी, कोरडवाहू शेतकऱ्याचा धाकटा, ही आजच्या तासिकेवरच्या प्राध्यापकांची घरे आहेत. ती मुले प्राध्यापकाच्या खुर्चीपर्यंत पोचली आणि नेमकी तेव्हाच खुर्ची काढून घेऊन तिथे तासाचा भाव ठेवला गेला. कायम जागा भरलीच नाही की बिंदुनामावलीतल्या राखीव जागाही आपोआप रिकाम्या राहतात. कुणाला आरक्षणाला विरोध करण्याचे पाप उघडपणे घ्यावे लागत नाही. हा अन्याय कुणी एका बैठकीत ठरवून केला, असे मी म्हणत नाही. पण ज्यांच्या मुलांचे नुकसान होत नव्हते त्यांनी तो होऊ दिला, आणि ज्यांच्या मुलांचे होत होते त्यांचे पुढारी स्वतःच संस्थाचालक झाले होते.

आता भावाबद्दल बोलणे भाग आहे. कायम जागेची जाहिरात निघाली की तालुक्यात चर्चा गुणवत्तेची होत नाही, लाखांच्या आकड्याची होते. लग्नाच्या मांडवात, एसटीच्या थांब्यावर, चहाच्या टपरीवर हा आकडा लोक उघड बोलतात आणि आवाजही खाली आणत नाहीत. अनुदानित महाविद्यालयात पगार शासन देते, म्हणजे तुमच्या-आमच्या करातून जातो. त्या पगाराच्या जागेची किंमत खासगीत वसूल होते. सगळ्याच संस्था असे करतात असे नाही. स्वच्छ नेमणुका करणारे संस्थाचालक मला माहीत आहेत आणि त्यांच्यावर किती दडपण येते तेही माहीत आहे. पण जिथे हा व्यवहार होतो तिथे देणाराही आपलाच असतो. बाप दोन एकर विकतो, सासरा अंगठी-हुंड्याऐवजी ‘नोकरीला मदत’ करतो, गाव त्या पोराचा सत्कार करते. तासिकेवर आठ वर्षे त्याच विभागात शिकवलेला माणूस त्या मुलाखतीला बसलेला असतो, बाहेर येतो आणि सोमवारी पुन्हा वर्गावर जातो. नव्याने कायम झालेल्या सरांना टाचण काढून देण्याचे कामही पुष्कळदा त्याच्याकडेच येते. पैसे देऊन प्राध्यापक झालेला माणूस मुलांना प्रामाणिकपणा कसा शिकवणार, असे आपण म्हणतो. ते म्हणण्याचा अधिकार त्याच्या सत्काराला हार घेऊन गेलेल्यांना नाही.

कायम प्राध्यापकांना मी आपली माणसे समजतो, म्हणून त्यांच्याशी कठोर बोलतो. त्यांच्या संघटनांनी मोठे लढे दिले, संस्थाचालकांच्या लहरीतून शिक्षकांना सोडवले, वेतनश्रेणी मिळवली. तासिकेवरच्यांचा मुद्दाही त्यांच्या मागण्यांच्या कागदावर असतो. पण महाविद्यालयातल्या रोजच्या वागण्याचे काय? नॅकची समिती येणार म्हटल्यावर सात निकषांच्या फाइली रात्री अकरापर्यंत कोण बसून तयार करतो? पर्यवेक्षणाच्या गैरसोयीच्या तारखा कोणाच्या नावावर पडतात? स्टाफरूममध्ये चहा मागवताना कोणाला धरले जात नाही? शिक्षक दिनाच्या सामूहिक छायाचित्रात कोण उभा असतो आणि कोण छायाचित्र काढत असतो? शासनाने अन्याय केला तो कागदावर. त्याला रोज जिवंत ठेवण्याचे काम सहकाऱ्यांनी केले. एखाद्या महाविद्यालयातल्या कायम प्राध्यापकांनी एकत्र येऊन ठरवले की तासिकेवरच्या सहकाऱ्याकडून बिनपैशाचे एकही काम करून घेणार नाही, तर त्यासाठी कोणत्याही शासन निर्णयाची गरज नाही.

घरे तरी कुठे मागे आहेत! सीएचबीवर असलेल्या मुलाला स्थळ येत नाही. मुलीच्या बाबतीत तर सासरी तिच्या नोकरीला ‘वेळ घालवायला बरे’ असे नाव मिळते आणि उन्हाळ्यात पैसे थांबले की ‘आता राहू दे ना घरी’ हे ऐकावे लागते. इतकी वर्षे शिकलेल्या बाईचे शिक्षण अशा रीतीने एका मे महिन्यात संपते. वयाच्या चाळिशीत पोचलेले अविवाहित संशोधक मला प्रत्येक जिल्ह्यात भेटतात. त्यांना आपण चिकाटीचे धडे देतो.

काही जण म्हणतील, जगात सगळीकडे हेच चालले आहे. अमेरिकेतही चालले आहे, हे खरे. तिथल्या विद्यापीठांत उन्हाळी सत्राचे वर्ग पुष्कळदा पीएच.डी. करणारे विद्यार्थीच घेतात. पुण्या-नाशिकची, नागपूरची कितीतरी मुले त्यांत आहेत. विद्यावेतन बऱ्याच ठिकाणी नऊ महिन्यांचेच असते, त्यामुळे उन्हाळ्यात घरभाडे कसे भरायचे ही धास्ती त्यांनाही असते. वर्गात पुरेशी मुले आली नाहीत तर नेमणूक रद्द होते. परदेशी विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही. पण नेमणुकीचे पत्र हातात असते. कोणता विषय, किती आठवडे, किती पैसे, कोणाच्या देखरेखीखाली, हे त्यात आधी लिहिलेले असते, आणि ते मोडले तर दाद कुठे मागायची हेही ठरलेले असते. हे त्यांना कुणी आपण होऊन दिले नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या शिक्षक-विद्यार्थ्यांनी १९७० मध्ये संप करून करार मिळवला. खासगी विद्यापीठांतले असे विद्यार्थी कर्मचारीच आहेत हे २०१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या प्रकरणात तिथल्या कामगार मंडळाने मान्य केले. २०२२ च्या नोव्हेंबरात कॅलिफोर्निया विद्यापीठात ४८,००० शैक्षणिक कर्मचारी संपावर गेले आणि वेतनवाढ घेऊनच परतले. ही पंचविशीतली, अजून शिकणारी मुले. आमच्याकडे शिक्षण पुरे झालेला, चाळिशीला टेकलेला, पाच-सहा संशोधनलेख नावावर असलेला माणूस त्यांच्याइतकाही हक्कदार नाही. आपला मुलगा तिकडे सहायक म्हणून शिकवतो तेव्हा त्याच्या कराराची प्रत आपण कौतुकाने नातेवाइकांना दाखवतो. इकडे त्याला बारावीनंतर घडवणारे सर कोणत्या कागदावर काम करत होते, ते आपण कधी विचारलेले नसते.

यात मुलांचे नुकसान आहे, आणि ते पालकांनी नीट समजून घ्यावे. तासावर येणारा शिक्षक तास संपल्यावर दुसऱ्या महाविद्यालयाची बस पकडतो, कारण एका ठिकाणच्या नऊ तासांत घर चालत नाही. तो वाईट शिक्षक नसतो. बरेचदा विभागातला सगळ्यात तयारीचा तोच असतो. पण मुलगी शंका घेऊन दाराशी आली तर तो नसतो. दुसऱ्या वर्षाला मराठी किंवा भौतिकशास्त्र शिकवणारे सर तिसऱ्या वर्षाला असतीलच याचा भरवसा नसतो. पुढच्या शिक्षणासाठी शिफारसपत्र हवे तर ज्यांनी तिला खरे ओळखले ते संस्थेच्या नोंदीतच नसतात. जून ते ऑगस्ट नेमणुकाच झालेल्या नसतात, म्हणून कित्येक वर्ग रिकामे जातात आणि मग सप्टेंबरात अभ्यासक्रम पळवला जातो. जिल्ह्याच्या ठिकाणी खासगी क्लासला लाखभर भरणारा पालक महाविद्यालयाच्या रिकाम्या वर्गाबद्दल एक शब्द बोलत नाही. महाविद्यालय हे नाव लावण्यापुरते आहे, हे त्याने मनातून कबूल करून टाकले आहे. क्लासला पैसे भरणे ज्याला परवडत नाही त्या पालकाचे मूल मात्र त्या रिकाम्या वर्गातच बसलेले असते.

करायचे काय, हे अवघड नाही. नेमणूक वर्षाची हवी आणि वेतन बारा महिन्यांचे, उन्हाळ्यासकट. रिकाम्या जागा दर वर्षी ठरल्या तारखेला भरल्या गेल्या पाहिजेत, त्यांची यादी आणि मुलाखतीचे गुण जाहीर झाले पाहिजेत. १० टक्क्यांची मर्यादा ओलांडणाऱ्या महाविद्यालयाच्या नव्या तुकडीला विद्यापीठाने संलग्नता देऊ नये. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियमाने संलग्नतेचे अधिकार विद्यापीठाकडेच दिलेले आहेत. तासिकेवर घालवलेली वर्षे निवडीच्या वेळी मोजली पाहिजेत. पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न राज्य इतर खर्चांच्या वेळी इतक्या आवर्जून विचारत नाही.

यातले काही शासनाच्या हातात आहे, काही आपल्या. या जूनमध्ये मुलाचा प्रवेश घ्यायला जाल तेव्हा वसतिगृह आणि निकालाची टक्केवारी विचारून झाल्यावर प्राचार्यांना आणखी चार गोष्टी विचारा. मुलाच्या विभागात मंजूर पदे किती, भरलेली किती, तासिकेवर किती जण शिकवतात आणि त्यांचे शेवटचे मानधन कोणत्या महिन्याचे निघाले. तोंडी उत्तर मिळाले नाही तर लेखी मागा. अनुदानित महाविद्यालयांना २००५ चा माहिती अधिकार कायदा लागू आहे, अर्जावर दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावावे लागते आणि तीस दिवसांत उत्तर देणे त्यांच्यावर बंधनकारक आहे.